अर्धा मिलिमीटर

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी एक फिलर गेज ठेवलेलं असायचं. पोलादाच्या पातळ पात्यांची जुडी, चाकूसारखी मिटणारी, प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली. दोन भागांमधली फट मोजायची असेल तर एकेक पाती घालून बघायची. जी जेमतेम आत जाईल, तेवढी फट. पाहुणे विचारायचे, हे इथे कशाला? बायको पोळी लाटता लाटता सांगायची, "ह्यांच्या मुठीची फट मोजायला." पाहुण्यांना वाटायचं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नसायची.

मी चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर आहे. गाड्यांचा पत्रा ज्यात दाबून आकाराला येतो ते जड साचे, म्हणजे डाय, आम्ही उघडतो, घासतो आणि परत बसवतो. बीडकडून आलो तेव्हा माझं वजन पन्नास किलो होतं आणि तोंड शंभर किलोचं. दापोडीत रेल्वेलाइनजवळच्या गल्लीत खोली घेतली, ती अजून तीच आहे. टूलरूममध्ये मला ज्यांच्या हाताखाली दिलं, ते आमच्यातले सगळ्यांत जुने फिटर. मूळचे चऱ्होलीचे, घरी थोडी शेती, पण हयात सगळी कंपनीत गेलेली. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते मात्र एकट्या मलाच भाचे म्हणायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला त्याचा अजूनही गर्व आहे.

मामांची एक पद्धत होती. सकाळच्या शिफ्टला आल्यावर मशीनला हात लावायच्या आधी ते प्रत्येकाशी हात मिळवायचे. मिळवायचे म्हणजे दाबायचे. नवीन माणूस कळवळायचा, जुने दात काढून हसायचे. त्या दाबण्यातून त्यांना काय कळायचं देव जाणे, पण एकदा माझा हात तसाच धरून ठेवत म्हणाले, "ताप हाय तुला. आज ग्राइंडरवर जाऊ नको." मला तर काहीच वाटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अंग फणफणलं. तेव्हापासून घरी काही झालं की सकाळी हात पुढे करताना मला भीतीच वाटायची, की आता हे ओळखणार. ओळखायचेही. बोलायचे नाहीत, फक्त त्या दिवशी चहाला स्वतः घेऊन जायचे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते झालं. डायची एक प्लेट आम्ही दोघं टेबलावर चढवत होतो. क्रेन दुसरीकडे अडकली होती आणि "दोघं असताना क्रेन कशाला?" हे वाक्य माझं होतं. अर्ध्या वाटेत माझी बोटं उघडली. मी सोडली नाही प्लेट, एवढं आजही शपथेवर सांगेन, बोटांनी सोडली. ती खाली आली ती मामांच्या उजव्या अंगठ्यावर. त्यांनी कॉटन वेस्ट, म्हणजे हात पुसायचा सुताचा गुंता, गुंडाळलं, सुपरवायझरला सांगितलं, "माझाच हात घसरला," आणि दवाखान्यात जाऊन आले. नख गेलं. पुन्हा आलं ते वाकडं आलं.

मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "हात कच्चा हाय तुझा. तोंड पक्कं हाय." एवढंच. पुढे कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. रोज सकाळी त्यांचा हात हातात यायचा आणि ते वाकडं नख मला टोचायचं.

निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब आले, सामोसे गार झाले, तरी मामांचा पत्ता नाही. मी शोधायला गेलो तर वेल्डिंगच्या कोपऱ्यात पाठमोरे, तोंडावर शील्ड. "जा तू, आलोच," म्हणाले. आले ते हात पुसत. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि सगळ्यांसमोर त्यांनी कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात ठेवली. अजून कोमट होती.

तो ग्रिपर होता, मुठीत दाबून हात कमवायचा. भंगारातली जाड स्प्रिंग आणि तिच्या दोन पायांवर वेल्ड केलेल्या पाइपच्या दोन दांड्या. बाजारात मिळतो तसला प्लॅस्टिकच्या मुठीचा नाही. हा बघूनच मनगट दुखावं. सोबत त्यांचं स्वतःचं फिलर गेज.

"ह्यो मिटवायचा," मामा म्हणाले. "दोन्ही दांड्या एकमेकींला टेकल्या पायजेत. मधी फिलर जाता कामा न्हाई. अन् त्ये झाल्याबिगर माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. फरक एवढाच, की घरी जाईपर्यंत बाकीचे ते विसरले.

दुसरा कुणी असता तर पुढच्याच रविवारी पेढे घेऊन चऱ्होलीला गेला असता. मामांनीही कदाचित धरलं असेल की हा येईलच. पण मी माझ्या स्वभावाला काय करू? मला ते वाक्य शिक्षेसारखं ऐकू आलं, आणि शिक्षा मला हवीच होती. त्या नखाची काहीतरी भरपाई हा माणूस माझ्याकडून मागतोय, आणि ती दिल्याशिवाय समोर उभं राहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मोठी माणसं काहीबी म्हणत्यात. जाऊन या की." मी ऐकलं नाही.

सुरुवातीला फिलरचा प्रश्नच नव्हता. दांड्यांमध्ये मोकळं अंतर पासष्ट मिलिमीटर, आणि मी जीव खाऊन दाबलं की पन्नासवर अडायचं. स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. मी दाबून धरायचो, बायको मोजायची. पहिल्या काही महिन्यांत मी मूर्खासारखा रोज दाबत सुटलो आणि कोपर असं धरलं की नट आवळता येईना, शर्टाचं बटण लावताना बोटं थरथरायची. मग हळूहळू शिकलो. एक दिवस दाबायचं, दोन दिवस हात मोकळा ठेवायचा. वाळू भरलेली बादली नुसत्या बोटांवर धरून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. तांदळाच्या डब्यात मूठ खुपसून आतल्या आत उघडायची, मिटायची. ओल्या चादरी पिळायच्या. ह्या एका व्यायामाला बायकोचा पूर्ण पाठिंबा होता.

"एवढं करायलात तर दिवाळीचे पडदेबी पिळा," ती म्हणायची.

पट्टी सुटून फिलरवर यायला अडीच वर्षं लागली. त्या दिवशी मी घरी जिलेबी आणली होती. पुढे एक मिलिमीटर झालं. मग पाऊण. मग अर्धा. आणि अर्ध्यावर गाडी जी अडली ती अडलीच.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हे फिटरला विचारावं. बाहेरच्या माणसाला तो दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे तेवढ्यावरून अख्खा जॉब, म्हणजे तयार केलेला भाग, फेकून देतात. मी खाणं वाढवलं, विश्रांती वाढवली, एकदा महिनाभर ग्रिपरला हातच लावला नाही. दाबायला घेतलं की दांड्या सरसर जवळ यायच्या आणि शेवटी भिंतीला लागल्यासारख्या थांबायच्या. बायको खालच्या टोकाला पाती घालायची. अर्ध्याची पाती आरामात आत. "जातीय," ती सांगायची. तिच्या त्या एका शब्दाचा मला राग यायला लागला होता, आणि राग तिच्यावर निघायचा, ही माझी चूकच.

अशी दोन वर्षं गेली. अर्ध्या मिलिमीटरवर दोन वर्षं.

कंपनीची बस नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकणला जाते. मोशीच्या चौकात उजवीकडे आळंदीचा रस्ता फुटतो, त्याच अंगाला चऱ्होली. चौकात बस थांबते, सिग्नलला नाही तर ट्रॅफिकला. मी उजव्या खिडकीत बसायचो. कुणी तिथे बसलेलं असलं तर त्याला उठवायचो, इतका मी त्या जागेचा हेका धरला होता. त्या रस्त्यानं दुधाची गाडी येताना दिसायची, मोटरसायकलवर बायकोला कंपनीत सोडायला आलेले लोक, सिमेंटचे मिक्सर. मामांचं घर तिथून रिक्षानं वीस मिनिटांवर. मनात यायचं, उतरावं. आठवडाभर दाढी न केलेला तो चेहरा बघावा, हात पुढे करावा, आणि त्यांनी तो दाबून सांगावं की मला काय झालंय. मला त्यांची फार आठवण यायची. हे त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये दोन पुरुष एकमेकांना असलं काही सांगत नाहीत.

कंपनीत त्यांची आठवण काढणारंही कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या वेळचे काही निवृत्त झाले, काही दुसऱ्या प्लांटला गेले. हजेरी आता चेहऱ्यानं लागते. यंत्रासमोर उभं राहायचं, ते टुण्ण वाजतं. सकाळी हात मिळवत कुणी फिरत नाही. मी एकदा फिरून बघितलं. पोरांना वाटलं माझं प्रमोशन झालंय.

दर दिवाळीला मी मामांचा नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. फोनवर ते पहिलं विचारणार, "मिटला का?" आणि मी काय सांगू? अर्धा राहिलाय?

मग गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी बायको भांडी पुसत होती. ग्रिपर तिथेच पडला होता. तिनं तोही पुसायला घेतला आणि वरच्या बाजूला, स्प्रिंगजवळ, तिचं फडकं अडकलं. तिनं अंगठा फिरवला.

"हितं गाठी हायत की," ती म्हणाली. "दोन्हीकडं. ह्याच आदळत असतील एकमेकींवर."

मी म्हणालो, "मामांचा जॉब आहे तो. मामांच्या जॉबला गाठी नसतात."

म्हणालो खरा, पण ग्रिपर तिच्या हातातून घेऊन उजेडात धरला. जिथे दांडी स्प्रिंगला जोडली होती, तिथे वेल्डचा फुगवटा होता. दाबताना ती जागा माझ्या मुठीत झाकली जायची. मोजणारा बघायचा ते खालचं टोक. आमच्याकडे डाय कुठे टेकते नि कुठे नाही हे बघायला एका भागाला निळा रंग चोळतात, डाय मिटवून उघडतात, आणि समोरच्या भागावर निळं कुठे उमटलं ते बघतात. हे मी रोज करतो. झोपेतसुद्धा करीन. जवळजवळ पाच वर्षं मुठीत धरलेल्या त्या वस्तूला मी एकदाही निळं लावलं नव्हतं.

सोमवारी डबीत थोडं निळं आणलं. एका दांडीला वरपासून खालपर्यंत चोळलं, दाबलं, सोडलं. दुसऱ्या दांडीवर एकच ठिपका उमटला होता, वेल्डच्या गाठीवर. बाकी दांडी कोरी.

म्हणजे माझा हात कधीच तिथे पोचला होता. अडत होतं ते पोलाद.

मला काय काय वाटलं ते सांगतो. आधी हसू आलं. मग मामांचा राग आला. आमचा जॉब तिरका करून उजेडात धरणारा, बारीकशा कडेवरून परत पाठवणारा हा माणूस, आणि ह्याच्या हातून दोन गाठी घासायच्या राहाव्यात? मग निरोपाचा दिवस आठवला. गार झालेले सामोसे, खोळंबलेले साहेब, आणि मीच, बोलवायला गेलेला. त्यांना घासायला वेळ कुणी दिला होता? आणि मग राग सगळा माझ्यावर आला. दुसऱ्या कुणाचाही जॉब असता तर मी पहिल्या दिवशी तपासला असता. ह्याला मी नमस्कार करून मुठीत धरला. दोन वर्षं त्या दोन गाठींपायी मी त्या चौकातून सरळ जात राहिलो.

कानशीनं घासायला पाच मिनिटं लागली असती. बायको म्हणाली, "मग घासा की." मला ते जमेना. वेल्ड त्यांचा होता. आणि खरं सांगायचं तर जायला निमित्त मिळालं होतं. ते मी घरी घासून घालवणार नव्हतो.

चऱ्होलीला मी ओळखलं नाही. मामा ज्या शेताच्या गोष्टी सांगायचे, तिथे वीस मजल्यांच्या इमारती आणि दारात वॉचमन. मामांचं घर मात्र तेच, जुनं, पुढे पत्र्याची शेड टाकलेली. शेडमध्ये खुर्चीवर मामा बसले होते. वाळले होते. मी पुढे झालो आणि सवयीनं उजवा हात पुढे केला. त्यांनी डावा दिला.

"उजवा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मागल्या साली झटका आला. पाय सुधारला, हात न्हाई सुधारला."

मी उभाच राहिलो. मागल्या वर्षी मी तांदळात मुठी खुपसत होतो. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, अंगठ्याचं वाकडं नख वर. मला कुणी कळवलं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कळवणार कुणाला?

पिशवीतून ग्रिपर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. सगळं सांगितलं, अर्धा मिलिमीटर, पाती, निळा ठिपका. त्यांनी डाव्या अंगठ्यानं गाठी चाचपल्या. तोंड उतरलं.

"रिजेक," म्हणाले. मग, "ह्याच्यापायी आला न्हाईस व्हय? एवढी वर्सं?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"आरं मी थट्टंनं म्हणलो." ते माझ्याकडे न बघता गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. "आमी म्हणायचो घरात, भाचे यील एकांद्या आयतवारी. बाहेर गाडी वाजली का बगायचो. मंग सोडून दिलं."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "मामा, ते नख..."

"कंचं नख?" ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. "ह्ये? ह्याचं काय?"

ते खरंच विसरले होते की मला विसरायला सांगत होते, ते मला आजही माहीत नाही.

शेडमध्ये एक लहानसा व्हाइस होता, धूळ खात पडलेला. मामांनी ग्रिपर त्यात आवळायला लावला आणि कानस मागितली. कानस दोन हातांनी चालते. एक हात मुठीवर, दुसरा टोकावर. त्यांच्या उजव्या हातात मूठ राहीना. मी म्हणालो, मी करतो. ते म्हणाले, "माझा वेल्ड हाय." शेवटी मी मूठ धरली, त्यांनी डाव्या हातानं टोक धरलं. "फुडं जाताना दाब. मागं येताना नुसती आण," ते म्हणाले, जसा मी काल कामाला लागलोय. बराच वेळ लागला. एकट्यानं ते काम मी पाच मिनिटांत केलं असतं. दोन्ही गाठी सपाट झाल्यावर त्यांनी फुंकर मारून भुगा उडवला.

"दाब."

गाठ गेल्यानं आता दांड्यांना आणखी जवळ यावं लागत होतं, आणि तो टप्पा माझ्या हातानं कधी बघितलाच नव्हता. पहिल्या वेळी दाबलं, मामांनी डाव्या हातानं पाती घातली. गेली. अगदी पातळ पाती होती, पण गेली. मी हात झटकले, मनगट चोळलं, शेडभर दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या वेळी दाबताना माझं सगळं लक्ष त्यांच्या मांडीवर उताण्या पडलेल्या हाताकडे होतं. टक् असा आवाज झाला. मामांनी सगळ्यांत पातळ पाती टेकवली. ती आत जाईना, वाकली.

"पास," ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्या क्षणी मी नाचेन. मी ग्रिपर सोडला आणि मला रडू आलं. मामींनी चहा आणला तेव्हा मी तोंड धुवायच्या निमित्तानं नळावर होतो.

निघताना ग्रिपर पिशवीत टाकायला गेलो तर मामांनी तो धरून ठेवला. मग डाव्या हातानं उचलून उजव्याच्या तळव्यात ठेवला, एकेक बोट वाकवून दांडीवर बसवलं, आणि डोळे मिटून दाबलं. स्प्रिंग हलली की नाही मला कळलं नाही. "माप की," म्हणाले. फिलरचा उपयोग नव्हता. शेडमध्ये स्टीलची पट्टी सापडली. पासष्टाचे चौसष्ट झाले होते.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "फिलरबी ठिवून जा, लागंल कधीतरी. मापाया कोनतरी लागंल."

आता दर रविवारी मी मोशीच्या चौकात उतरतो. मामींच्या हातचं खातो, मामांचं माप घेतो. ते वेळ लावतात, दाबताना कपाळावर शीर उभी राहते, मधेच शिव्या देतात, ग्रिपरला की मला ते विचारत नाही. चौसष्टाचे बासष्ट झाले, मग साठ. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

परवाच्या रविवारी त्यांनी दाबलं आणि मी पट्टी लावली. एकोणसाठ. मी म्हणालो, "साठच आहे, मामा."

का म्हणालो ते मला नीट ठाऊक आहे. हा माणूस बरा व्हावा म्हणून मी देवाला सांगतो, आणि हे असंच चालत राहावं असंही सांगतो.

मामांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, डाव्या हातानं दांड्यांमध्ये धरली आणि डोळे बारीक करून बघितलं. उजव्या हाताची पकड त्यांनी तोवर सोडली नाही.

"एकूनसाठ हाय," ते म्हणाले. पट्टी मला परत दिली. "अन् मिटला तरी यायचंच हाय तुला."